तळघरातले इंजिनिअर

पुण्यातल्या एका मोठ्या धर्मादाय रुग्णालयात ‘बायोमेडिकल विभाग कुठे आहे?’ असं विचारलं, की दारावरचा सिक्युरिटीवाला क्षणभर बुचकळ्यात पडतो. मग त्याची ट्यूब पेटते. ‘मशीनवाले ना? खाली जा. लाँड्रीच्या पुढं.’ खाली जायचं, चादरींच्या गाड्या चुकवायच्या, ऑक्सिजनच्या मॅनिफोल्डवरून डावीकडे वळायचं, की एक लांबट खोली लागते. टेबलावर सहा इन्फ्युजन पंप ओळीनं मांडलेले. एका मॉनिटरची पाठ उघडी. कोपऱ्यात डीफिब्रिलेटर. प्रत्येक यंत्राला चिकटपट्टीनं एक चिठ्ठी लावलेली असते आणि वॉर्डातल्या सिस्टरनी घाईघाईत लिहिलेला मजकूर जवळपास सगळ्या चिठ्ठ्यांवर एकच: नॉट वर्किंग.

तिथला तिशीतला इंजिनिअर हसून सांगतो, यातली निम्मी यंत्रं धडधाकट असतात. कुठे बॅटरी उतरलेली असते, कुठे वायर पलंगाच्या चाकाखाली चेंगरलेली असते, कुठे अलार्मची मर्यादा कुणीतरी चुकीची ठेवलेली असते. उरलेली निम्मी खरोखर बिघडलेली असतात. कुठली कुठल्या निम्म्यातली हे ओळखणं, हीच त्याची नोकरी.

यंदाच्या अंकाचा विषय ‘दुरुस्ती’ आहे, असं संपादकांनी कळवलं तेव्हा जुने वाडे, घड्याळं, ग्रंथ असे विषय इतरांनी आधीच धरलेले होते. मला आठवण झाली ती दरवर्षी जूनमध्ये येणाऱ्या फोनची. ओळखीतल्या कुणाच्या तरी मुलाला नाहीतर मुलीला बायोमेडिकल किंवा ई अँड टीसी (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन) मिळत असतं आणि पालक विचारतात, ‘स्कोप आहे का हो?’ या प्रश्नाचं उत्तर ब्रोशरमध्ये शोधण्यापेक्षा ही पोरं पास होऊन जिथं पोचतात तिथं जाऊन पाहावं, म्हणून मी फिरलो. रुग्णालयांची तळघरं, जिल्ह्याच्या ठिकाणचे स्टोअर, दुरुस्तीच्या टपऱ्या, कारखान्यातले कागदांचे ढीग, सगळं पाहिलं. फिरताना एक गोष्ट पुनःपुन्हा समोर आली. या दोन शाखांतून निघणाऱ्या वाटा दिसायला पाच-सहा आहेत. डिझाइन, विक्री, नियमन, स्वतःचा उद्योग, परदेश. पण त्यांवर लांब गेलेली बहुतेक माणसं पहिली दोन-तीन वर्षं बिघडलेल्या यंत्रासमोर बसलेली होती. आणि नेमकी हीच पहिली पायरी आपल्याकडे सगळ्यात कमी पगाराची आणि सगळ्यात कमी मानाची आहे.

दहा मायक्रोअँपियर

तळघरातल्या त्या खोलीत एक चाचणी चालली होती, ती तपशिलात सांगतो. या कामाला इंजिनिअर कशासाठी लागतो, ते त्यातून कळतं.

आयसीयूतला एक मॉनिटर सहा महिन्यांच्या तपासणीसाठी खाली आणला होता. त्याच्या ईसीजीच्या सॉकेटशेजारी नखाएवढं चिन्ह छापलेलं असतं: चौकोनात एक हृदय. काही यंत्रांवर चौकोनात माणसाची आकृती असते. डॉक्टर, नर्स, रुग्ण, कुणाचंच तिकडे लक्ष जात नाही. हृदयाच्या चिन्हाचा अर्थ असा, की या यंत्राची वायर थेट हृदयाशी जोडली गेली तरी चालेल. वैद्यकीय विद्युत उपकरणांच्या सुरक्षिततेचं आंतरराष्ट्रीय मानक, आयईसी ६०६०१, अशा जोडणीतून रुग्णाच्या अंगात पाझरणाऱ्या विजेला नेहमीच्या स्थितीत फक्त १० मायक्रोअँपियरची मुभा देतं. माणसाच्या आकृतीचं चिन्ह असेल तर १०० मायक्रोअँपियरपर्यंत चालतं.

आकडे इतके बारीक का? आपल्या बोटाला विजेची मुंगी जाणवते ती साधारण एक मिलिअँपियरला, म्हणजे हजार मायक्रोअँपियरला. कातडी हा विजेला मोठा अडसर असतो. पण आयसीयूतल्या रुग्णाच्या शिरेतून कॅथेटर हृदयापर्यंत गेलेला असला, तर तो अडसरच उरत नाही. हाताला कळणारही नाही एवढी वीज तिथं ठोक्यांची लय बिघडवू शकते. यंत्र दिसायला उत्तम चालू असतं, पडद्यावर हिरवी रेघ नाचत असते, आणि धोका मात्र अर्थिंगच्या एका तुटक्या तारेत दडलेला असतो.

इंजिनिअरनं मॉनिटरचा प्लग सेफ्टी अ‍ॅनालायझरमध्ये खुपसला, ईसीजीच्या वायरी एकेक करून अ‍ॅनालायझरला जोडल्या आणि बटण दाबलं. मग मुद्दाम अर्थ तोडून पुन्हा मोजलं, फेज आणि न्यूट्रलची अदलाबदल करून पुन्हा मोजलं. एखादी गोष्ट बिघडली तरी रुग्ण सुरक्षित राहायला हवा, हे त्या उलटसुलट तपासणीमागचं तत्त्व. आकडे मर्यादेत आले. त्यानं तारीख घातलेलं हिरवं स्टिकर चिकटवलं आणि रजिस्टरात सही केली.

पुढे डीफिब्रिलेटर. त्यावर २०० ज्यूल लावायचे, पॅडल्स अ‍ॅनालायझरच्या पत्र्यांवर दाबायच्या आणि शॉक द्यायचा. प्रत्यक्ष किती ज्यूल बाहेर पडले हे यंत्र सांगतं. थोडाफार फरक चालतो. फार पडला, तर ते यंत्र वॉर्डात परत जात नाही. हे काम बघताना वाटलं, रोज अशा वीस-पंचवीस सह्या करणाऱ्या या माणसाचं नाव रुग्णाच्या केसपेपरवर कुठेच नसतं.

कॉल, कॉन्ट्रॅक्ट आणि स्पेअर

खासगी रुग्णालयातलं तळघर निदान सुसज्ज असतं. सरकारी यंत्रणेतलं चित्र समजून घ्यायला काही वर्षं मागं जावं लागतं. राष्ट्रीय आरोग्य अभियानानं देशभरातल्या सरकारी दवाखान्यांतल्या यंत्रांची मोजदाद केली, तेव्हा २९,११५ संस्थांमध्ये ७,५६,७५० यंत्रं सापडली आणि त्यांतली राज्यागणिक १३ ते ३४ टक्के बंद होती. कारणं ठरावीक होती. वॉरंटी संपली आणि कुणी करार केला नाही. कंपनीच बंद पडली. स्पेअर मिळत नाही. चालवायला शिकलेला माणूस बदलून गेला. यंत्र आलं, पण थ्री-फेजची लाइन आली नाही.

त्यातून २०१५ मध्ये बायोमेडिकल यंत्रांच्या देखभालीचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. कल्पना सरळ होती. राज्यानं एका एजन्सीला सगळ्या यंत्रांची जबाबदारी द्यायची. तिनं प्रत्येक यंत्राला क्रमांकाचं लेबल लावायचं, तक्रारीसाठी टोल-फ्री क्रमांक ठेवायचा आणि यंत्रं चालू राहण्याची हमी द्यायची. जिल्हा रुग्णालयात ९५ टक्के वेळ, ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीवर ९० टक्के, प्राथमिक आरोग्य केंद्रात ८० टक्के. हमी पाळली नाही तर दंड.

या एका निर्णयानं बायोमेडिकल आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या पोरांसाठी नोकऱ्यांचं एक नवं दार उघडलं. आज जिल्ह्याच्या ठिकाणी मोटारसायकलवर टूलबॅग बांधून फिरणारा तेवीस-चोवीस वर्षांचा मुलगा दिसला, तर तो बहुधा अशाच एजन्सीचा असतो. त्याच्या मोबाइलवर कॉल येतो: अमुक आरोग्य केंद्रातलं रेडियंट वॉर्मर गरम होत नाही. पन्नास-साठ किलोमीटर जायचं. तिथं गेल्यावर कळतं, की बाळाच्या पोटाला लावायचा तापमानाचा प्रोब तुटलाय. प्रोब स्टोअरमध्ये नाही. मागणी टाकायची, कॉल ‘स्पेअर पेंडिंग’मध्ये ठेवायचा, सिस्टरची सही घ्यायची, पुढच्या गावाला निघायचं. पावसाळ्यात बोर्डांवर दमटपणा चढतो. उंदीर वायरी कुरतडतात. पालीनं सर्किटवर अंग टाकून यंत्र बंद पाडल्याचा किस्सा तर प्रत्येकाकडेच असतो. स्टॅबिलायझर जळलेला असला, तर दोष यंत्राचा की गावातल्या विजेचा यावर वाद होतो.

ज्यांच्याशी बोललो त्यांचा पहिला पगार महिना वीस हजारांच्या आगेमागे होता. पेट्रोल वेगळं मिळतं, पण महिन्याच्या शेवटी. एकजण म्हणाला, ‘कॉलेजात चार वर्षांत मला एकही व्हेंटिलेटर उघडायला मिळाला नव्हता. इथं पहिल्या सहा महिन्यांत अकरा उघडले.’ त्याच्या बोलण्यात तक्रार आणि अभिमान एकमेकांत मिसळून गेले होते.

करारांचं गणितही इथंच शिकायला मिळतं. एएमसी म्हणजे येऊन तपासून जाणार, स्पेअरचे पैसे वेगळे. सीएमसी म्हणजे स्पेअरसकट. पण सीएमसीच्या बारीक अक्षरांत सीटी स्कॅनची एक्स-रे ट्यूब बहुतेकदा वगळलेली तरी असते किंवा तिच्यावर स्कॅनच्या संख्येची मर्यादा तरी असते, आणि त्या एका ट्यूबची किंमत लाखोंच्या घरात जाते. निविदा काढणाऱ्या टेबलावर हे वाचू शकणारा इंजिनिअर बसला नसेल, तर यंत्र स्वस्तात मिळतं आणि तीन वर्षांनी कुलपात जातं.

देखभाल ढिली पडली तर काय होतं, हे महाराष्ट्रानं सोसलेलं आहे. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागून दहा बालकं गेली. त्यानंतर राज्यभर फायर ऑडिट आणि इलेक्ट्रिकल ऑडिट हे शब्द घराघरात पोचले. त्याच वर्षी मराठवाड्याला केंद्राकडून मिळालेल्या व्हेंटिलेटरांचा प्रश्न थेट उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे गेला. डॉक्टरांचे अहवाल यंत्रातल्या दोषांकडे बोट दाखवत होते आणि केंद्राची बाजू जोडणी व वापराकडे. असा वाद न्यायालयात पोचण्याआधीच मिटवता येतो. त्यासाठी यंत्र आल्या दिवशी टेस्ट लंग लावून दाब, आकारमान आणि ऑक्सिजनचं प्रमाण मोजणारा आणि ‘स्वीकारलं’ किंवा ‘परत न्या’ असं लिहून सही करणारा माणूस दारात उभा असावा लागतो.

ई अँड टीसीवाला इथं कसा येतो

जाहिरातीत बहुतेक वेळा एकाच ओळीत लिहिलेलं असतं: बीई बायोमेडिकल, इलेक्ट्रॉनिक्स, इन्स्ट्रुमेंटेशन. आपल्याकडे निखळ बायोमेडिकल शाखा मोजक्याच कॉलेजांत आहे. ई अँड टीसी मात्र जवळपास प्रत्येक तालुक्याच्या वाटेवर सापडते. त्यामुळे या क्षेत्रात इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांचा भरणा मोठा. त्यांतले कितीतरी आयटीच्या कॅम्पसला बसून आलेले असतात. कॅम्पसला कुठलीही शाखा चालते, अ‍ॅप्टिट्यूड चांगली हवी. गेल्या काही वर्षांत आयटीची भरती आटली, तेव्हा ही पोरं आपल्या मूळ शाखेकडे वळून बघू लागली.

मुलाखती घेणाऱ्या एका ज्येष्ठ सर्व्हिस मॅनेजरनं दोघांतला फरक नेमका सांगितला. ई अँड टीसीवाल्याला पॉवर सप्लायचं सर्किट दाखवलं तर तो बोलतो, पण ‘पल्स ऑक्सिमीटर दोन रंगांचे दिवे का वापरतो?’ म्हटलं की गप्प. बायोमेडिकलवाला लाल आणि इन्फ्रारेड प्रकाश, ऑक्सिजन घेतलेलं आणि न घेतलेलं हिमोग्लोबिन, सगळं घडाघडा सांगतो, पण हातात सोल्डरिंग गन दिली की त्याचा हात थरथरतो. टिकतो तो, जो वर्षभरात दुसऱ्याचं निम्मं शिकून घेतो.

पुण्याच्या बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर याची आणखी एक बाजू दिसते. इथं इलेक्ट्रॉनिक सुटे भाग मिळतात आणि त्यांच्या आधारानं बोर्ड दुरुस्त करणारी माणसं जगतात. कंपनीचा इंजिनिअर बिघडलेला बोर्ड अख्खा बदलतो. बिल कधीकधी लाखाच्या वर. बोर्ड दुरुस्त करणारा भिंग लावून बसतो, फुगलेला कपॅसिटर शोधतो आणि वीस रुपयांचा भाग बदलून यंत्र चालू करतो. स्वतंत्र सर्व्हिस देणारे छोटे उद्योजक बहुतेक याच शाळेतून आले. कंपनीत पाच-सात वर्षं काढायची, एका प्रकारच्या यंत्रावर हात बसवायचा, मग सी-आर्म किंवा सोनोग्राफीच्या यंत्रांची स्वतःची सर्व्हिस सुरू करायची. जिल्ह्यातल्या नर्सिंग होमना असा माणूस हवाच असतो. कंपनीपेक्षा स्वस्त, आणि फोन केल्यावर संध्याकाळपर्यंत हजर.

त्यांची लढाई कुलपांशी असते. नव्या यंत्रांत सर्व्हिस मोडला पासवर्ड, काहींना यूएसबी डोंगल, बदललेल्या भागाची सॉफ्टवेअरमधून नोंद केल्याशिवाय यंत्र सुरूच होत नाही. कंपन्यांचं म्हणणं, रुग्णाच्या जिवाचा प्रश्न आहे, कुणीही उघडून चालणार नाही. ते अगदीच खोटं नाही. कुठला भाग कुठून आला याची नोंद नसलेला व्हेंटिलेटर मीसुद्धा माझ्या माणसाला लावू देणार नाही. पण त्याच कुलपामुळे दुरुस्तीचा दर एकाच दुकानदाराच्या हाती राहतो, हेही तितकंच खरं. दुरुस्तीची नोंद ठेवणारा, तपासणीचं प्रमाणपत्र देणारा स्वतंत्र व्यावसायिक हा यातला मधला मार्ग. तो पत्करलेले काही तरुण भेटले. त्यांनी आधी अ‍ॅनालायझर विकत घेतले, पगारी माणसं नंतर ठेवली.

कंपनीत राहणाऱ्यांची शिडी वेगळी असते. सुरुवात मॉनिटर आणि ईसीजीपासून. मग सोनोग्राफी, एक्स-रे, सीटी. शेवटी एमआरआय, कॅथलॅब आणि कॅन्सरच्या उपचाराचं लिनिअर अ‍ॅक्सिलरेटर. एमआरआय सोडला तर एक्स-रेपासून पुढे अणुऊर्जा नियामक मंडळाचे नियम लागू होतात आणि छातीवर किरणोत्साराची मात्रा मोजणारा टीएलडी बॅज येतो. एमआरआयवाल्याचा रुबाब काही औरच. त्याच्या यंत्रातलं चुंबक द्रव हेलियममध्ये उणे २६९ अंश सेल्सिअसला ठेवलेलं असतं आणि लाइट गेली तरी त्याचं चुंबकत्व जात नाही. रात्री चिलर बंद पडल्याचा मेसेज आला, तर हा माणूस लग्नाच्या पंगतीतून उठून जातो. हेलियम उकळून गेलं तर नुकसान किती, हे त्याला पाठ असतं.

कागद बांधणारे

तळघर आणि रस्ता सोडला तर तिसरी मोठी वाट कागदाची. कॉलेजात तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

२०१७ चे वैद्यकीय उपकरण नियम १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले. त्यांनी उपकरणांची जोखमीप्रमाणे चार वर्गांत विभागणी केली. अ वर्गात जीभ दाबायची पट्टी, ब मध्ये इंजेक्शनची सुई, क मध्ये व्हेंटिलेटर, ड मध्ये हृदयाची झडप. आधी मोजकीच उपकरणं कायद्याच्या कक्षेत होती. १ एप्रिल २०२० पासून सगळीच आली. पहिल्या दोन वर्गांना १ ऑक्टोबर २०२२ पासून आणि वरच्या दोन वर्गांना १ ऑक्टोबर २०२३ पासून परवाना सक्तीचा झाला. परिणाम काय झाला, तर भोसरीत किंवा वसईत वर्षानुवर्षं सक्शन मशीन बनवणाऱ्या कारखानदारालाही अचानक फाइल लिहिणारा माणूस हवा झाला.

या फाइलीत काय असतं? यंत्र कशासाठी आहे. त्यात काय काय बिघडू शकतं. बिघडलं तर रुग्णाला किती इजा होईल. ती टाळायला काय केलं. केलेलं खरंच चालतं याचा पुरावा कुठला. जोखमीच्या या हिशेबाचं मानक आयएसओ १४९७१, कारखान्याच्या गुणवत्ताव्यवस्थेचं १३४८५, यंत्रातल्या सॉफ्टवेअरचं आयईसी ६२३०४. ही आकड्यांची नावं इथली मंडळी घरातल्या माणसांसारखी घेतात.

गंमत अशी, की ही फाइल चांगली लिहितो तो बहुतेकदा आधी सर्व्हिसला असलेला माणूस. ‘वायर पलंगाच्या चाकाखाली येऊ शकते’ ही जोखीम टेबलावर बसून सुचत नाही. ज्यानं अशा पन्नास वायरी बदलल्या त्यालाच ती सुचते.

या वाटेवर मुली संख्येनं जास्त दिसल्या. काहींनी ती आवडीनं निवडली. बऱ्याच जणींना तिकडे ढकललं गेलं. सर्व्हिसला मुली घेत नाहीत असं कुठंही लेखी नसतं. मुलाखतीत फक्त विचारतात, ‘रात्री-अपरात्री कॉल आला तर जाल का?’ आणि उत्तर काहीही दिलं तरी ऑफर लेटर येतं ते क्वालिटी विभागाचं. नवी मुंबईतल्या एका रुग्णालयात मात्र बायोमेडिकल विभागाची प्रमुखच एक बाई भेटल्या. ऑपरेशन थिएटरमधला दिवा मध्यरात्री बंद पडल्यावर त्या स्वतः शिडीवर चढलेल्या आहेत. मुलींना रात्रीचा कॉल देण्याआधी रुग्णालयानं रात्रीची गाडी द्यावी, प्रश्न तेवढाच आहे, असं त्यांचं म्हणणं.

यंत्र घडवणारे

भारतात वापरल्या जाणाऱ्या वैद्यकीय उपकरणांपैकी ७० ते ८० टक्के आयात होतात, हा आकडा सरकारी कागदांतही येतो. मग घडवणाऱ्यांची वाट आहे तरी कुठे?

वाट आहे, आणि तिचा बराच भाग महाराष्ट्रातून जातो. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रानं कॅन्सरच्या उपचारासाठी ‘भाभाट्रॉन’ हे कोबाल्ट यंत्र घडवलं आणि पहिलं यंत्र खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक या कॅन्सर संशोधन केंद्रात बसवलं. पवईत आयआयटीच्या आवारातल्या ‘समीर’ या संस्थेनं लिनिअर अ‍ॅक्सिलरेटर विकसित केले, त्यांतला एक सेवाग्रामच्या रुग्णालयापर्यंत गेला. त्याच आवारात २०१४ मध्ये राज्य शासनाच्या मदतीनं ‘बेटिक’ हे वैद्यकीय उपकरण नवनिर्मिती केंद्र उभं राहिलं, त्याची उपकेंद्रं पुण्याच्या सीओईपीत आणि नागपूरच्या व्हीएनआयटीत. तिथली पद्धत सांगण्यासारखी आहे. आधी इंजिनिअरांनी डॉक्टरांकडे जाऊन त्यांची अडचण समजून घ्यायची, मग चित्र काढायचं. साध्या स्टेथोस्कोपला जोडून छातीतले आवाज मोठे करणारं आणि नोंदवणारं ‘आयुसिंक’ याच पद्धतीतून निघालं.

२०२० चं उदाहरण तर ताजंच आहे. सौर पॅनेल साफ करणारे रोबो बनवणाऱ्या पुण्यातल्या नोका रोबोटिक्सच्या तरुणांनी टाळेबंदीत आयसीयूचा व्हेंटिलेटर बनवायला घेतला, आयआयटी कानपूरच्या जाणकारांनी त्यांना साथ दिली आणि काही महिन्यांत तो उभा राहिला. त्या गोष्टीतला हुरूप सगळ्यांना आठवतो. पण अशा यंत्रात काय काय लागतं, ते इथं पाहावं. दाबाचा सेन्सर, व्हॉल्व्हवर ताबा ठेवणारं सॉफ्टवेअर, वीज गेल्यावर क्षणात हातात घेणारी बॅटरी, एक भाग निकामी झाला तरी दुसरा अलार्म देईल अशी रचना. यातलं प्रत्येक काम इलेक्ट्रॉनिक्सच्या पदवीधराचं आहे.

डिझाइनकडे जायचं तर बीईनंतर पुढचं शिक्षण बहुधा लागतं. गेट या पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेत बायोमेडिकल इंजिनिअरिंगचा स्वतंत्र पेपर २०२० पासून सुरू झाला, त्यामुळे या शाखेच्या मुलांना इलेक्ट्रॉनिक्सच्या किंवा इन्स्ट्रुमेंटेशनच्या पेपरला बसण्याची सक्ती उरली नाही. बंगळूर, हैदराबाद आणि पुण्याजवळच्या चाकणमध्ये मोठ्या कंपन्यांची विकास केंद्रं आहेत. तिथल्या कामात टेस्टिंग आणि व्हेरिफिकेशन यांचा वाटा मोठा असतो. नवीन माणसाला पहिली दोन वर्षं दुसऱ्यानं लिहिलेलं सॉफ्टवेअर फोडून बघायचं काम मिळतं. कंटाळवाणं वाटतं, पण यंत्र कसं विचार करतं हे त्यातूनच कळतं.

टायवाले

विक्रीची वाट सगळ्यात चकचकीत. गाडी, टार्गेट, इन्सेन्टिव्ह. तिच्यातच एक वेगळी जागा असते अ‍ॅप्लिकेशन स्पेशालिस्टची. सोनोग्राफीचं नवं यंत्र आलं, की हा किंवा ही डॉक्टरांशेजारी आठवडाभर बसून बटणं शिकवते. डॉक्टर जे प्रश्न विक्रेत्याला विचारत नाहीत ते तिला विचारतात. त्यामुळे कंपनीत यंत्राच्या कमतरता तिला सगळ्यांत आधी कळतात. काहीजण इथून आखाती देशांतल्या रुग्णालयांत जातात. तिथं मुलाखतीत पदवीपेक्षा सर्व्हिस रिपोर्टांची फाइल आधी उघडली जाते, असं तिकडे दहा वर्षं काढून परतलेल्या एकानं सांगितलं. त्याच्या फाइलीत सोलापूर जिल्ह्यातले रिपोर्ट होते.

काम आहे, खुर्ची नाही

तर मग जूनमधल्या त्या फोनवर काय सांगायचं? मी आता पालकांना कॉलेजचा प्लेसमेंटचा आकडा विचारायला सांगत नाही. लॅबमध्ये जाऊन बघा म्हणतो. डीफिब्रिलेटर काचेच्या कपाटात आहे की टेबलावर उघडा पडलाय? इंटर्नशिपला मुलं रुग्णालयात जातात की नुसतं सर्टिफिकेट आणतात? तिसऱ्या वर्षाच्या मुलाला सेफ्टी अ‍ॅनालायझर लावता येतो का? ई अँड टीसी मिळालं असेल तरी काही बिघडत नाही. शरीरशास्त्राचं एखादं प्राथमिक पुस्तक आणि जवळच्या रुग्णालयातले उन्हाळ्याचे दोन महिने एवढ्यानं दार उघडतं.

पण सगळं ओझं मुलांच्या खांद्यावर टाकून मोकळं होता येणार नाही. खरेदीसाठी महाराष्ट्रानं २०२३ मध्ये कायदा करून वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण उभारलं. यंत्राच्या उद्घाटनाला पालकमंत्री येतात, फीत कापली जाते, फोटो छापून येतो. त्या यंत्राच्या पुढच्या दहा वर्षांचा देखभालखर्च मात्र वेगळ्या लेखाशीर्षात, वेगळ्या टेबलावर, वेगळ्या वर्षी मंजूर व्हायचा असतो. जिल्ह्यात मोटारसायकलवर फिरणारा मुलगा कंत्राटी असतो. तीन वर्षांत तो कसबी होतो आणि नेमका तेव्हाच खासगी कंपनी त्याला दुप्पट पगारावर घेऊन जाते. त्याच्या जागी पुन्हा एक नवा येतो आणि पालीच्या किश्शापासून सुरुवात करतो. सरकारी कंत्राटात त्याला बढती मिळेल अशी पुढची खुर्चीच नाही.

ती खुर्ची करणं फार खर्चाचं नाही. जिल्हा रुग्णालयात बायोमेडिकल इंजिनिअरचं कायम पद, खरेदी समितीत त्याचा सहीचा अधिकार आणि नव्या यंत्राच्या मंजुरीसोबतच त्याच्या देखभालीची तरतूद, एवढ्या तीन गोष्टी पुरेत. एका सीटी स्कॅनच्या करारातली वगळलेली ट्यूब वेळेवर लक्षात आली, तरी त्या पदाचा काही वर्षांचा पगार निघून येतो. स्कोपची चौकशी करणाऱ्या पालकांनी पुढच्या खेपेला हाच प्रश्न आपल्या आमदारालाही विचारावा: आमच्या जिल्हा रुग्णालयातल्या यंत्रांवर सही कोण करतं, आणि त्याचा पगार कोण देतं?